पंगतीबाहेरची डायडो

स्कॉटलंडमध्ये पर्थ शहराजवळ स्कोन पॅलेस नावाचा एक वाडा आहे. मॅन्सफील्ड घराण्याची ती पिढीजात वास्तू. या घराण्याच्या संग्रहात दोन तरुणींचे एक तैलचित्र आहे, १७७८ च्या सुमारास काढलेले. मूळ चित्र पाहण्याचा योग मला आलेला नाही. माझी त्याच्याशी ओळख झाली ती छापील प्रतींतून आणि अलीकडे संगणकाच्या पडद्यावरून. तरीही गेली काही वर्षे हे चित्र माझ्या मनातून हटत नाही. अठराव्या शतकातील इंग्रजी व्यक्तिचित्रांत याच्याहून सरस चित्रे शेकड्यांनी सापडतील. रेनल्ड्स आणि गेन्सबरो यांच्या पंगतीला या चित्राचा कर्ता बसू शकणार नाही. पण घर म्हणजे काय, घरचे माणूस कोणाला म्हणायचे, हा प्रश्न या चित्राइतका उघडपणे त्या थोरांच्या एकाही चित्राने मला विचारलेला नाही.

प्रथम चित्र पाहू. बागेतला प्रसंग आहे. उजवीकडे गुलाबी रंगाच्या उंची पोशाखातली एक गोरी तरुणी बसली आहे. केसांत फुले, हातात उघडे पुस्तक, चेहऱ्यावर खानदानी शांतपणा. डावीकडे, किंचित मागे, सावळ्या रंगाची दुसरी तरुणी आहे. तिच्या अंगावर पांढरे, चंदेरी झाक असलेले सॅटिन आहे. गळ्यात मोती आहेत. डोक्याला पागोट्यासारखे वस्त्र गुंडाळलेले असून त्यात एक पीस खोवलेले आहे. एका हाताने तिने फळे सावरली आहेत आणि दुसऱ्या हाताचे बोट स्वतःच्या गालाला लावले आहे. ती उभीही नाही आणि बसलेलीही नाही. लगबगीने कोठेतरी निघालेली आहे, आणि जाता जाता आपल्याकडे पाहून हसते आहे. गोऱ्या मुलीचा हात तिच्या कोपराशी पोचला आहे. दूर क्षितिजावर लंडनच्या सेंट पॉल प्रार्थनामंदिराचा घुमट दिसतो. म्हणजे आपण लंडनच्या उत्तरेला, हॅम्पस्टेडच्या उंचवट्यावरील केनवुड हाउसच्या आवारात आहोत.

गोरी मुलगी म्हणजे लेडी एलिझाबेथ मरे. सावळी मुलगी म्हणजे डायडो एलिझाबेथ बेल. दोघी एकाच घरात, एकाच माणसाच्या छत्राखाली वाढल्या. तो माणूस म्हणजे लॉर्ड मॅन्सफील्ड, १७५६ पासून १७८८ पर्यंत इंग्लंडचा सरन्यायाधीश.

या मुलींचे त्याच्याशी नाते सांगताना इंग्रजी भाषा फार काटकसर करते. दोघींनाही ती एकच शब्द लावते आणि मोकळी होते. मराठीचे तसे नाही. एलिझाबेथ ही मॅन्सफील्डच्या पुतण्याची मुलगी. तिचा तो चुलत आजोबा. डायडो ही त्याच्या भाच्याची मुलगी. तिच्या वडिलांचा तो मामा. आपल्या शेजारच्या कानडी घरातही चिक्कप्पा निराळा आणि सोदरमाव निराळा. त्यामुळे आपल्या भागातल्या कोणत्याही आजीला हे नाते एका दमात उलगडेल आणि ती लगेच म्हणेल, म्हणजे या दोघी बहिणीच की! तशा त्या होत्याच. पण चित्र पाहणाऱ्यांनी त्यांना बहिणी म्हणायला दीडशे वर्षांहून अधिक काळ घेतला. कित्येक वर्षे हे चित्र लेडी एलिझाबेथचे म्हणूनच ओळखले जाई आणि शेजारची सावळी मुलगी म्हणजे कोणी दासी, असे धरून चालले जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुने कागद चाळणाऱ्या अभ्यासकांनी तिला तिचे नाव परत मिळवून दिले.

डायडोचा पिता सर जॉन लिंडसे हा इंग्रजी आरमारातील अधिकारी. आई मारिया बेल ही आफ्रिकी वंशाची, गुलामगिरीत असलेली स्त्री. डायडोचा जन्म १७६१ चा. १७६६ च्या नोव्हेंबरात, वयाच्या पाचव्या वर्षी, लंडनमधील ब्लूम्सबरीच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. मॅन्सफील्ड दांपत्याला मूलबाळ नव्हते. लिंडसेने ही मुलगी आपल्या मामामामींच्या ओटीत घातली. एलिझाबेथची आई लहानपणीच वारली होती, म्हणून तीही तेथेच आली. एक आईवेगळी, दुसरी आईबापांपासून दूर. अशा मुली आपल्याकडेही काका-मामांच्या घरी वाढलेल्या आहेत.

‘डायडो’ हे नावही लक्षात घेण्यासारखे आहे. व्हर्जिलच्या महाकाव्यातील कार्थेजच्या राणीचे ते नाव. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर राज्य करणारी आणि परदेशी वीराने टाकून दिलेली ती राणी. त्या काळी गुलामांना सीझर, पॉम्पी अशी भारदस्त रोमन नावे ठेवण्याची मालक लोकांना हौस होती. नाव राण्याराजांचे द्यायचे आणि काम पाणक्याचे सांगायचे. डायडोच्या नावात त्या प्रथेचा वास आहे, आणि ‘एलिझाबेथ’ या दुसऱ्या नावात घरच्या मायेचा. तिच्या चित्रातही हे दोन्ही पदर आहेत.

केनवुडमध्ये तिचे स्थान काय होते, याची एक साक्ष उपलब्ध आहे. मॅसॅच्युसेट्सचा माजी गव्हर्नर टॉमस हचिन्सन हा १७७९ च्या ऑगस्टमध्ये मॅन्सफील्डकडे जेवायला गेला होता. त्याने रोजनिशीत लिहून ठेवले आहे की जेवण आटोपल्यावर एक काळी मुलगी आत आली आणि बायकांबरोबर बसली. कॉफी झाल्यावर ती सर्वांबरोबर बागेत फिरायला गेली, आणि घरातल्या एका तरुणीने तिच्या हातात हात गुंफला होता. मॅन्सफील्ड तिला सारखा या ना त्या कामासाठी हाक मारीत होता. हचिन्सनला हे सारे रुचले नाही, आणि तिच्या रूपाविषयी त्याने लिहिलेले शब्द येथे देण्याच्या लायकीचे नाहीत. पण त्याच्या नाराजीतूनच आपल्याला खरी माहिती मिळते. पाहुणे आले की डायडो पंगतीला नसे. पंगत उठली की ती दिवाणखान्यात येई.

पंगत हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कोणाला कोणत्या पंगतीला बसवायचे, कोणाला मागाहून वाढायचे, कोणी वाढपालाच उभे राहायचे, यावरून माणसाची पायरी ठरवण्याची कला आपल्याला कोणी इंग्रजाने शिकवायला नको. आश्रित आत्या, विधवा मावशी, शिकायला राहिलेला गरीब भाचा हे सगळे घरातले असत. त्यांच्यावर माया असे, दुखलेखुपले पाहिले जाई. फक्त चांदीची ताटे मांडली की त्यांचे पान त्या ओळीत नसे. म्हणून हे चित्र मला दूरचे वाटत नाही. क्रूर घराचे चित्र काढणे सोपे असते. मायाळू घरातल्या उंबरठ्याचे चित्र काढणे अवघड.

ते काढले कोणी? कित्येक वर्षे हे चित्र योहान झोफनीचे मानले जात होते. पुढे हिंदुस्थानात येऊन लखनौच्या कोंबड्यांच्या झुंजीचे प्रसिद्ध चित्र काढणारा तोच झोफनी. आता मात्र ते डेव्हिड मार्टिन या स्कॉटिश चित्रकाराच्या नावावर मांडले जाते. मार्टिन हा ॲलन रॅम्सेचा शिष्य आणि साहाय्यक. येथे नात्याचा आणखी एक धागा सापडतो: रॅम्सेची पत्नी मार्गारेट ही जॉन लिंडसेची बहीण, म्हणजे डायडोची सख्खी आत्या. स्वतः मॅन्सफील्डचेही व्यक्तिचित्र मार्टिनने काढले होते. हा चित्रकार या कुटुंबाच्या गोतावळ्यातला होता. घरातले बोललेले आणि न बोललेले त्याला ठाऊक असणार.

मार्टिनपुढची अडचण समजण्यासाठी त्या काळचा संकेत ध्यानात घ्यावा लागतो. श्रीमंत गोऱ्या स्त्रीच्या चित्रात शेजारी एक काळे मूल उभे करण्याची रीत युरोपात रूढ होती. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत प्येर मिन्यारने १६८२ साली काढलेले पोर्ट्समथच्या डचेसचे चित्र आहे. त्यात एक काळी मुलगी शिंपल्यातले मोती आणि पोवळे बाईसाहेबांपुढे धरते आहे. डचेसचा हात तिच्या खांद्याभोवती आहे, पण डचेस पाहते आपल्याकडे आणि मुलगी पाहते डचेसकडे. मोती, पोवळे आणि मूल या तिन्ही वस्तू एकाच यादीतल्या आहेत. गोरा रंग अधिक उजळ दिसावा, समुद्रापलीकडची मिळकत दिसावी, एवढ्यासाठी ते मूल तेथे आहे.

मार्टिनने या संकेतातले सामान जसेच्या तसे उचलले आहे. पीस खोवलेले पागोटे आहे, पूर्वेकडचा आभास देणारा पोशाख आहे, हातात फळे आहेत. म्हणून चित्र अन्याय करते असे जे म्हणतात, त्यांचे म्हणणे पुराव्यावाचून नाही. पण सामान उचलताना त्याने एक गोष्ट मागे टाकली, ती म्हणजे नजर. डायडो एलिझाबेथकडे पाहत नाही. ती थेट आपल्याकडे पाहते. दोघींचे डोळे जवळजवळ एकाच पातळीवर आहेत. तिने फळे कोणापुढे धरलेली नाहीत. ती आपली आपण घेऊन चालली आहे. संकेतातून नजर काढून घेतली की उरलेले सामान पोकळ होते. चित्रकाराने नियम मोडला नाही, पण नियमाचा प्राण काढून घेतला. माझ्या मते या चित्राचे सगळे मोठेपण येथे आहे.

दुसरे असे की चित्रातला जिवंतपणा डायडोच्या वाट्याला आला आहे. एलिझाबेथ चांगली रंगवली आहे, पण तिच्यासारख्या डझनभर तरुणी त्या काळच्या दिवाणखान्यांत टांगलेल्या सापडतील. पुस्तक, फुले, मंद स्मित हा ठरलेला साचा. डायडोला साचा नव्हता. न्यायाधीशाच्या घरातील, रक्ताच्या नात्यातील, सावळ्या मुलीला कसे बसवायचे याचा नमुनाच मार्टिनपुढे नव्हता. त्यामुळे त्याने तिला बसवलेच नाही, चालते ठेवले. कपड्याच्या चुण्यांत वारा आहे, देह पुढे झुकला आहे, गालावरच्या बोटात खट्याळपणा आहे. ते बोट स्वतःच्या वर्णाकडे निर्देश करते असा अर्थ काही जण लावतात. मला तो ओढून ताणून आणलेला वाटतो. मला त्यात एक हुशार मुलगी दिसते, जिला ठाऊक आहे की आपण पाहिले जात आहोत.

येथवर स्तुती झाली. आता माझ्यातल्या मास्तराची तक्रार. चित्रात पुस्तक एलिझाबेथच्या हाती आहे आणि फळे डायडोच्या हाती. वास्तव काय होते? केनवुडमध्ये दुग्धशाळेची आणि कोंबड्याबदकांची देखरेख डायडोकडे होती, हे खरे. ते काम त्या काळी घरंदाज स्त्रियाही करीत, तेव्हा त्यात कमीपणा नव्हता. पण त्याबरोबरच ती मॅन्सफील्डची लेखनिक होती. १७८६ साली त्याने एका सहकारी न्यायाधीशाला पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. ते डायडोच्या हस्ताक्षरात आहे, आणि तसा उल्लेखही त्यात आहे. इंग्लंडचा सरन्यायाधीश ज्या मुलीकडून आपला पत्रव्यवहार लिहून घेत होता, तिच्या हातात चित्रकाराने पुस्तक दिले नाही. एवढी वर्षे वर्गात काढल्यावर माझी नजर प्रथम मुलांच्या हातांकडे जाते. शाळेच्या जुन्या सामूहिक छायाचित्रांतही खुर्चीवर कोण, मागे उभे कोण, जमिनीवर कोण, ढाल कोणाच्या मांडीवर आणि घंटा कोणाच्या हाती, हे पाहिले की शाळा कळते. नजर बरोबरीची देणाऱ्या मार्टिनने हातातली वस्तू मात्र बरोबरीची दिली नाही. उंबरठा तेथेच आहे.

आणि मग तो मधला हात, एलिझाबेथचा, डायडोच्या कोपरावरचा. या हातावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी म्हणतात, ती बहिणीला मायेने जवळ ओढते आहे. कोणी म्हणतात, पुस्तकात व्यत्यय नको म्हणून ती तिला पुढे लोटते आहे. चित्र पुन्हा पुन्हा पाहिले तरी याचा निकाल लागत नाही. मला वाटते, तो लागू नये अशीच योजना आहे. हचिन्सनच्या रोजनिशीतही असाच हातात गुंफलेला हात आहे. म्हणजे या घरातला स्पर्श खरा होता. पण ज्या घरात पंगतीला पान नाही आणि बागेत हातात हात आहे, तेथे कोणताही स्पर्श एकाच अर्थाचा राहू शकत नाही. आश्रिताला थोपटणारा हात मायेचाही असतो आणि त्याची जागा दाखवणाराही असतो. मार्टिनने दोन्ही अर्थ एका कोपरावर ठेवले. त्याच्या कुंचल्याच्या मर्यादा मी वर मान्य केल्या. पण या चार बोटांपुरता तो थोरांच्या पंगतीला बसतो.

चित्राबाहेरचे आकडे हेच सांगतात. डायडोला वर्षाला ३० पौंड १० शिलिंग मिळत. घरातल्या नोकराणीच्या पगाराच्या ते कितीतरी पट होते. एलिझाबेथला मिळत सुमारे १०० पौंड. मॅन्सफील्डने मृत्युपत्रात डायडोला ५०० पौंड रोख आणि वर्षाला १०० पौंडांची तहहयात नेमणूक दिली. एलिझाबेथला १०,००० पौंड. आणि त्याच मृत्युपत्रात त्याने डायडोचे स्वातंत्र्य कायम असल्याचे स्पष्ट शब्दांत नमूद केले. या एका वाक्यावर वाचकांनी क्षणभर थांबावे. १७७२ च्या जूनमध्ये जेम्स सॉमरसेट या गुलामाच्या खटल्यात याच मॅन्सफील्डने निर्णय दिला होता की त्याला जबरदस्तीने इंग्लंडबाहेर नेऊन विकता येणार नाही. १७८३ साली झॉंग जहाजाच्या विम्याचा खटला त्याच्यापुढे आला. त्या जहाजावरून १३० हून अधिक गुलामांना जिवंत समुद्रात फेकण्यात आले होते, आणि वाद होता तो ‘मालाच्या’ नुकसानभरपाईचा. कायदा कोठवर पोचतो आणि कोठे हात टेकतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून आपल्या डोळ्यांपुढे वाढलेल्या मुलीचे स्वातंत्र्य त्याने गृहीत धरले नाही, कागदावर उतरवले. सॉमरसेटचा निकाल डायडोच्या मायेपोटी दिला गेला, असे त्याचे विरोधक तेव्हा कुजबुजत. तसे मानायला मी तयार नाही; निकाल मोजूनमापून आणि आखडत्या शब्दांत दिलेला आहे. पण मृत्युपत्रातले वाक्य न्यायाधीशाचे नाही, ते घरच्या माणसाचे आहे.

अलीकडे, विशेषतः २०१३ साली अमा असांते यांचा ‘बेल’ हा चित्रपट आल्यापासून, या चित्राला मोठी कीर्ती लाभली. समतेचे चित्र म्हणून ते मिरवले जाते. दुसरीकडे काही जण त्यात निव्वळ ढोंग पाहतात. मला दोन्ही मते घाईची वाटतात. समता असती तर पुस्तके दोन असती. ढोंग असते तर नजर खाली असती. हे चित्र प्रामाणिक आहे, कारण त्या घराला जेवढे देता आले तेवढेच त्याने दाखवले, आणि जे देता आले नाही तेही झाकले नाही. आपल्या घरांच्या भिंतींवर टांगलेल्या जुन्या छायाचित्रांनाही हीच कसोटी लावून पाहावी. कडेला उभी असलेली ती कोण, असे मुलांनी विचारले तर आपल्याला तिचे नाव सांगता आले पाहिजे.

या कथेला हिंदुस्थानचाही एक धागा आहे. डायडोचा पिता लिंडसे १७६९ च्या सुमारास आरमाराचा प्रमुख म्हणून आपल्याकडच्या समुद्रात आला होता आणि अर्काटच्या नबाबाच्या दरबारी त्याने इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून काम केले. पुढे डायडोचा एक मुलगा, चार्ल्स, कंपनीच्या मद्रास फौजेत अधिकारी झाला. ज्या स्त्रीच्या डोक्यावर चित्रकाराने पूर्वेकडचे पागोटे चढवले, तिचा मुलगा पूर्वेकडे आला तो साहेब म्हणून. इतिहासाच्या अशा उलटापालटी कोणत्याही नाटककाराला सुचणार नाहीत.

मॅन्सफील्ड १७९३ च्या मार्चमध्ये वारला. त्याच वर्षी डिसेंबरात डायडोने जॉन डॅव्हिनिए या फ्रेंच गृहस्थाशी लग्न केले. तो एका घरात कारभारी होता. ती पिमलिकोमध्ये राहू लागली. तिला तीन मुलगे झाले. १८०४ साली, त्रेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, ती वारली. केनवुडपेक्षा ते घर फार लहान होते. झाडे नव्हती, घुमटाचा देखावा नव्हता, दाराशी सरन्यायाधीशाची गाडी नव्हती. पण तेथे पाहुणे आले की ती जेवणाच्या टेबलाशी बसत असणार, आणि घरची मालकीण म्हणून बसत असणार. त्या घरातले तिचे एकही चित्र आज आपल्याला माहीत नाही.